साइट पडली हे ग्राहकाआधी आपल्याला कळायला हवं

आजचा विषय छोटा आहे, पण झोप उडवणारा: वेबसाइट चालू आहे का यावर नजर ठेवणं, आणि ते काम एपीआयकडून करून घेणं.

आधी एक हिशोब. ९९.९ टक्के अपटाइम ऐकायला भारी वाटतं. पण ३० दिवसांच्या महिन्यात ४३,२०० मिनिटं असतात. त्याचा ०.१ टक्का म्हणजे ४३ मिनिटं. शब्द न मोडता साइट जवळजवळ पाऊण तास बंद राहू शकते. आणि तो पाऊण तास नेमका दहावीच्या निकालाच्या दुपारी आला तर?

दुसरी गोष्ट, पहारेकरी घराबाहेर हवा. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम सहा तासांच्या आसपास बंद होते, आठवतंय? नेटवर्कच तुटलं, तेव्हा त्यांची आतली टूल्सही बंद पडली. म्हणून ज्या सर्व्हरवर साइट, त्याच सर्व्हरवर मॉनिटर ठेवू नका. दोघं एकदमच झोपतील.

आता एपीआय. दोन-तीन साइट असतील तर डॅशबोर्डवर क्लिक करून भागतं. चाळीस झाल्या की नाही. उदाहरण म्हणून अपटाइमरोबोटच्या एपीआयची आवृत्ती २ घेऊ. यात नवा मॉनिटर बनवणं, बदलणं, यादी मागवणं हे सगळं साध्या पोस्ट रिक्वेस्टने होतं. स्टेटस आकड्यात येतं: ० म्हणजे थांबवलेला, २ म्हणजे चालू, ९ म्हणजे बंद. फक्त आकडे दाखवायचे असतील तर रीड-ओन्ली की वापरा. मुख्य की एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवा, गिटमध्ये कधीच नाही.

खरी गोम इथे आहे. डिप्लॉय करताना खोटे अलर्ट नकोत म्हणून स्क्रिप्ट मॉनिटर थांबवते, काम झालं की चालू करते. पण डिप्लॉय मध्येच फसलं तर? स्क्रिप्ट तिथेच मरते, मॉनिटर थांबलेलाच राहतो. साइट पडलेली आणि फोन शांत! सगळ्यांना वाटतं, आज काही त्रास नाही.

उपाय तीन. एक, चालू करण्याची ओळ पायथनच्या फायनलीत किंवा बॅशच्या ट्रॅपमध्ये टाका, म्हणजे चूक झाली तरी ती चालेल. दोन, मशीनच बंद पडलं तर तीही चालणार नाही, म्हणून जमेल तिथे मेंटेनन्स विंडो वापरा. ती ठरल्या वेळी आपोआप संपते. तीन, रोज सकाळी क्रॉनने स्टेटस ० असलेल्या मॉनिटरची यादी टीमच्या ग्रुपवर पाठवा. यादी रिकामी असली तरी ‘शून्य’ असा मेसेज येऊ द्या. नाहीतर क्रॉन बंद पडलाय हे कळणार कसं?

अलर्ट कमी आले म्हणजे सगळं ठीक आहे, असं नसतं. आज आपली यादी एकदा मागवून बघाच. भेटू पुढच्या भागात!