पायावरची सूज चोळून जात नाही



आज मालिश आणि किडनी यांबद्दल बोलायचं आहे. तुम्ही म्हणाल, या दोन्हींचा काय संबंध? तो मला कळला आमच्याच बचत गटातल्या एका मावशींमुळे.

मावशींना बऱ्याच वर्षांपासून शुगर आहे. गेल्या वर्षी त्यांचे पाय सुजायला लागले. दिवसभर शेतात राबतात, पाय सुजणारच, असं आम्ही सगळ्याच म्हणालो. सून रोज रात्री कोमट तेल लावून पाय चोळून द्यायची. चोळलं की सूज उतरल्यासारखी वाटायची, सकाळी पुन्हा तेच. पुढे सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली फुगायला लागलं. असे चार महिने गेले. त्या काळात मी दोनदा त्यांच्या घरी गेले होते. पाय बघितले होते. ‘चोळत राहा, बरं वाटेल,’ असं मीच सांगून आले होते.

मग तपासणी झाली. रक्तदाब वाढलेला, लघवीतून प्रथिनं जात होती, किडनीचं काम कमी झालेलं. आता गोळ्या आणि पथ्य चालू आहे, डायलिसिसची वेळ आलेली नाही. पण डॉक्टर म्हणाले, आधी आला असता तर बरं झालं असतं. ते वाक्य मला अजून टोचतं. म्हणून आज बोलते आहे.

आपल्या दोन्ही किडन्या पाठीच्या मणक्याच्या दोन बाजूंना, बरगड्यांच्या खालच्या टोकाशी असतात. एकेक साधारण मुठीएवढी. दिवसभरात त्या सुमारे १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात. त्यातलं बहुतेक परत रक्तात जातं आणि दीड लिटरच्या आसपास लघवी होते. हे गाळण्याचं काम आत, अगदी बारीक चाळण्यांमधून चालतं. वरून पाठ कितीही रगडली तरी त्या चाळण्या साफ होत नाहीत. ‘मालिशने किडनी स्वच्छ होते, अंगातलं विष निघून जातं’ असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

मग मालिश वाईट आहे का? अजिबात नाही. उसण भरली, खांदे आखडले, झोप लागत नाही, तर मालिशने बरं वाटतं. डायलिसिस चालू असलेल्या माणसालाही पायांना हलक्या हाताने मालिश केली तर थकवा कमी वाटतो, झोप बरी लागते, असं काही अभ्यासांत दिसलं आहे. आपल्या माणसाचा हात अंगावरून फिरला की जिवाला बरं वाटतं, हेही खरंच आहे. पण तो आराम आहे, किडनीवरचा इलाज नव्हे. डॉक्टरांना विचारून करा, आणि औषध सोडून मालिश नको.

काही गोष्टी मात्र टाळा. डायलिसिससाठी ज्या हातात शिरा जोडून फिस्टुला केलेला असतो, तो हात चोळू नका, दाबूही नका. एकच पाय अचानक सुजला, गरम लागतो, दुखतो, तर तो चोळू नका. आत रक्ताची गाठ असू शकते, लगेच दवाखाना गाठा. अंगावर उभं राहून तुडवणं, जीव जाईस्तोवर रगडणं बंद करा. क्वचित का होईना, स्नायू फार चिरडले गेले तर त्यातलं प्रथिन रक्तात उतरून किडनीला इजा होते. त्यानंतर लघवी चहासारखी काळपट झाली तर थांबू नका. आणि कंबर दुखते म्हणून दुकानातून आणून रोज दुखण्याच्या गोळ्या खाणं, हे तर किडनीला फार महागात पडतं.

आता ओळखायचं कसं? सुजलेल्या पायावर बोट दाबून बघा, खड्डा पडून राहतो का. सकाळी डोळ्यांखाली सूज, लघवीला फेस, लघवी कमी होणं, यातलं काही दिसलं तर तेलाची वाटी बाजूला ठेवा. पण मैत्रिणींनो, सुरुवातीला किडनी काहीच सांगत नाही. म्हणून ज्यांना शुगर किंवा बीपी आहे, त्यांनी त्रास नसला तरी वर्षातून एकदा लघवीची आणि रक्तातल्या क्रिएटिनिनची तपासणी करावी. कुठे होते, हे आपल्या आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. डायलिसिसची वेळ आलीच, तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत त्याची सोय आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतात, त्यांना भेटा.

आमच्या गटाने आता एक ठरवलं आहे. मासिक बैठकीत हप्ते गोळा झाले की शुगर-बीपीवाल्या बायकांना विचारायचं, ‘तपासणी झाली का?’ नसेल झाली तर दोघीतिघींनी मिळून जायचं. एकटीला जायला वेळ मिळत नाही, मिळून गेलं की मिळतो.

मावशींची सून आजही त्यांचे पाय हलक्या हाताने चोळते. फक्त आधी गोळ्या दिल्यात ना, ते बघते. तुमच्या घरी कोणाचे पाय सुजत असतील, तर आज रात्री चोळून द्या, आणि उद्या सकाळी त्यांना दवाखान्यात घेऊन जा.