मॉकचे गुण अडकलेत? मग पुढचा मॉक जरा थांबवा

आज बोलायचंय क्लॅटबद्दल, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेबद्दल. आपल्या राज्यात अशी तीन विद्यापीठं आहेत: मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला. बारावीनंतर तिथे वकिली शिकायची, तर रस्ता या परीक्षेतून जातो.

मी बारावीच्या मुलामुलींचे मॉक त्यांच्यासोबत बसून तपासते. सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य एकच: "ताई, साठच्या वर गाडी सरकतच नाही." यातली एक मुलगी मराठी माध्यमातली. घरून स्पष्ट सांगितलंय, हे एकच वर्ष; नाही जमलं तर तालुक्याच्या कॉलेजात बी.ए. त्या धास्तीने ती आठवड्याला तीन-तीन मॉक द्यायची. गुण तिथल्या तिथेच. आता बघा, मॉक हा वजनकाटा आहे. रोज काट्यावर उभं राहून कुणाचं वजन कमी झालंय का?

पहिली गोष्ट: एक पेपर दोनदा सोडवा. पेपर १२० प्रश्नांचा, वेळ १२० मिनिटं. वेळ संपली की लगेच उत्तरं बघू नका. दुसऱ्या रंगाचं पेन घ्या, घड्याळ बाजूला ठेवा आणि राहिलेले, शंका असलेले प्रश्न पुन्हा सोडवा. मगच तपासा. समजा वेळ लावून ५८ आले आणि निवांत ८५, तर तुम्हाला येतंय, फक्त वेग कमी पडतोय. पण निवांत बसूनही ६४ च आले, तर वेगाच्या मागे लागून उपयोग नाही. उताराच नीट कळत नाहीये. या मुलीचं दुसरं निघालं. आता ती आठवड्याला एकच मॉक देते आणि उरलेला वेळ वाचनाला.

दुसरी गोष्ट: इंग्रजीत वाचा, मराठीत सांगा. क्लॅटचे पाचही विभाग उताऱ्यांवर चालतात, अगदी चालू घडामोडीसुद्धा. रोज एक इंग्रजी अग्रलेख घ्या. एक परिच्छेद वाचला की मान वर करा आणि मराठीत एका वाक्यात सांगा: लेखक काय म्हणतोय आणि का म्हणतोय? शब्दाला शब्द भाषांतर नको, त्यात वेळ जातो आणि मुद्दा निसटतो. सांगता आलं नाही, तर तो परिच्छेद कळलेला नाही. पुन्हा वाचा.

तिसरी गोष्ट: कायद्याच्या प्रश्नात स्वतःचा न्याय करू नका. उताऱ्यात समजा असा नियम दिलाय: दुसऱ्याच्या जमिनीत परवानगीशिवाय जाणं म्हणजे अतिक्रमण, हेतू बघायचा नाही. आणि प्रश्नात कुणीतरी आपली पळालेली शेळी पकडायला शेजाऱ्याच्या वावरात शिरलाय. मन म्हणतं, बिचाऱ्याची काय चूक? पण दिलेल्या नियमाप्रमाणे ते अतिक्रमणच. खरा कायदा काय म्हणतो, हे इथे विचारलेलंच नाही. दिलेला नियम लावायचा आणि पुढे जायचं.

चौथी गोष्ट: निगेटिव्ह मार्किंगचं गणित. बरोबर उत्तराला १ गुण, चुकलं तर ०.२५ वजा. चार पर्यायांतले दोन नक्की चुकीचे आहेत हे कळलं, तर उरलेल्या दोनांत अंदाज लावायचा का? असे चार प्रश्न धरा. सरासरी दोन बरोबर, दोन चूक. मिळाले २, गेले अर्धा. दीड गुण पदरात! म्हणजे दोन पर्याय कटले की उत्तर लिहायचंच. भीतीने सोडलेले असे प्रश्न मोजून बघा, डोळे उघडतील. मात्र एकाच प्रश्नाला चिकटून बसू नका, तिथे जाणारा वेळ जास्त महाग पडतो.

आणि हो, मॉक मोबाईलवर देत असाल तर महिन्यातून दोन तरी कागदावर द्या. क्लॅट कागदावर होते, गोळे पेनने भरावे लागतात आणि त्यातही मिनिटं जातात. अलीकडे परीक्षा डिसेंबरात, दुपारी २ ते ४ असते. तेव्हा मॉकही जेवण झाल्यावर, त्याच वेळेला. पेंग येते का, ते आत्ताच कळू दे.

राज्याची लॉ सीईटीही द्याच. राज्यातल्या इतर लॉ कॉलेजांची दारं तिथून उघडतात. तिथे चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

या आठवड्याचं काम सांगते. नवा मॉक नको. शेवटचा दिलेला पेपर काढा, त्यातल्या प्रत्येक चुकीपुढे एकच शब्द लिहा: "समज", "वेग" किंवा "घाई". रविवारी मोजा. जो शब्द जास्त वेळा आला, पुढच्या महिन्याचा अभ्यास त्याचा. कोणता शब्द आला, ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!