सेपुल्तुराचे ‘रूट्स’ : वेग खाली ठेवल्यावर



‘रूट्स’, म्हणजे ‘मुळे’, या ध्वनिमुद्रिकेविषयी बोलताना बहुतेक जण ‘संगम’ हा शब्द वापरतात. थ्रॅश मेटल आणि आदिवासी संगीत यांचा संगम. संगम म्हटला की दोन नद्या सारख्याच हक्काने येऊन मिळतात आणि पुढे एकच पाणी वाहते, असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. ब्राझीलच्या सेपुल्तुरा या बँडने 1996 च्या फेब्रुवारीत काढलेल्या या मुद्रिकेत तसे घडत नाही, आणि तसे न घडण्यातच तिचे मोल आहे, असे मला मांडायचे आहे. एका संगीताने दुसऱ्याकडून काय उचलले याची यादी कुणालाही करता येते. प्रभाव खरोखर किती खोल गेला हे बघायचे, तर घेणाऱ्याने आपल्या हातातले काय खाली ठेवले ते तपासावे लागते. सेपुल्तुराने वेग खाली ठेवला.

थ्रॅश ज्यांच्या कानांवरून गेलेला नाही, त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की अतिद्रुत लय हा या संगीताचा प्राण आहे. तळहाताची कड तारांवर दाबून गिटारचे स्वर तोडले जातात, आणि ड्रमवादक त्या तुकड्यांच्या मागे धावतो. हा प्रकार 1980 च्या दशकात अमेरिकेत फोफावला. मॅक्स आणि इगोर काव्हालेरा या भावांनी 1984 मध्ये बेलो ओरिझोंते शहरात सेपुल्तुरा सुरू केला, तेव्हा ब्राझीलमधली लष्करी राजवट अजून संपायची होती. ‘सेपुल्तुरा’ म्हणजे थडगे. आंद्रेयास किसर गिटारवर आणि पाउलो ज्युनियर बासवर आल्यावर त्यांनी ‘बिनीथ द रिमेन्स’ आणि ‘अराइज’ या मुद्रिका काढल्या. शब्द इंग्रजी, वेग अमेरिकन आणि सफाई अशी की ब्राझीलचा मागमूस शोधावा लागावा. बाहेरच्या माणसाने आधी घरच्यांपेक्षा घरचे होऊन दाखवायचे, ही परीक्षा ते उत्तीर्ण झाले होते.

पहिली फट 1993 च्या ‘केऑस ए.डी.’मध्ये पडली. त्यात ‘काइओवास’ नावाची एक शब्दरहित रचना आहे, साध्या गिटारी आणि ढोलांची. ग्वारानी-काइओवा या आदिवासी समाजाचे नाव तिला दिले आहे. ती ध्वनिमुद्रित झाली वेल्समधल्या चेपस्टो किल्ल्यात, म्हणजे मुळांकडे जाण्याचा रस्ता तेव्हा बराच लांबून वळसा घालून निघाला होता. ‘रूट्स’मध्ये तो वळसा संपतो. गिटारच्या तारा खर्जात उतरवलेल्या आहेत, पूर्वीच्या चढाओढीच्या सुरावटींऐवजी दोन-चार स्वरांचा एखादा तुकडा पुन्हा पुन्हा घटवला जातो, आणि गिटार जवळजवळ चामड्याच्या वाद्याचे काम करू लागते. पहिलेच गाणे ‘रूट्स ब्लडी रूट्स’ ऐकावे. त्यातला जोर धावण्याचा नाही, जमिनीवर पाय आपटण्याचा आहे. ‘अॅटिट्यूड’ची सुरुवात बेरिंबाऊने होते. हे एकतारी, धनुष्यासारखे वाद्य कापोएरा या आफ्रो-ब्राझिलियन खेळाची लय राखते. ‘रातामाहाता’त बाहियाचा तालवादक कार्लिन्योस ब्राउन आहे आणि शब्द पोर्तुगीज आहेत. वेग कमी झाल्याने दोन आघातांच्या मध्ये जागा मोकळी झाली, आणि हे सारे त्या जागेत येऊन बसले. द्रुत थ्रॅशमध्ये बेरिंबाऊ घुसवला असता, तर तो शोभेच्या घंटेसारखा वाजला असता.

आता शावांते लोकांकडे वळू, कारण मुद्रिकेची ओळख त्यांच्यामुळे झाली. ते स्वतःला आउवें म्हणवतात आणि मातो ग्रोसो राज्यात राहतात. 1995 च्या नोव्हेंबरात बँड त्यांच्या पिमेंतेल बार्बोझा या गावी गेला आणि तिथे ‘इत्सारी’ ध्वनिमुद्रित झाले. शावांते भाषेत ‘इत्सारी’ म्हणजे मुळे. साध्या गिटारी, तालवाद्ये आणि शावांतेंचे समूहगायन, एवढाच त्याचा ऐवज. मुद्रिकेत ते बाराव्या क्रमांकावर आहे. त्याआधी किसरची ‘जास्को’ ही शांत गिटाररचना येते, जणू घरात शिरण्यापूर्वी पादत्राणे काढून ठेवावीत. त्यानंतर ‘अँबुश’ आहे, अॅमेझॉनच्या जंगलासाठी लढताना 1988 मध्ये मारले गेलेले रबर-कामगारांचे नेते चिको मेंदेस यांच्याविषयी. म्हणजे आदिवासी आवाजावर विजेची गिटार चढवलेली नाही. तो आवाज आपल्या जागी बसला, आणि मेटल त्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहिले. अखेरचे, 1964 च्या लष्करी उठावावरचे गाणे मात्र पुन्हा बेफाम धावते. त्याचे शीर्षक चारचौघांत उच्चारण्याजोगे नाही. वेग गमावला नव्हता, निवडून बाजूला ठेवला होता, हे सांगायला ते एक गाणे पुरेसे आहे.

यावर पहिला आक्षेप जाणकारांचा. हा मंदपणा आदिवासींकडून आला नाही, तो त्या काळच्या अमेरिकन फॅशनचा आहे, असे ते म्हणतात. पुरावाही चांगला आहे. ‘रूट्स’चा निर्माता रॉस रॉबिन्सन याने कॉर्न या बँडची 1994 मधली पहिली मुद्रिका घडवली होती, तीही ‘रूट्स’ जिथे मुद्रित झाली त्याच, कॅलिफोर्नियातल्या इंडिगो रँच स्टुडिओत, आणि कॉर्नचा गायक ‘रूट्स’मधल्या एका गाण्यात पाहुणा आहे. हे कर्ज मी मान्य करतो. गिटारचा तो जड, सैल पोत तिथलाच आहे. पण कॉर्नच्या पदार्पणाआधीच्या ‘केऑस ए.डी.’मध्ये ड्रमवादक इगोरचे ढोलाकडे झुकलेले वादन ऐकू येते. दिशा आधी ठरली होती, वाहन नंतर मिळाले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. शहरी तरुणांनी गावात जाऊन गाणे टिपावे आणि अमेरिकेत विकावे, ही लूट नव्हे काय? सत्तेचा तोल सारखा नव्हता, हे उघड आहे. तरी या आक्षेपात शावांतेंना जितके भोळे धरले जाते तितके ते कधीच नव्हते. 1941 मध्ये त्यांच्या प्रदेशात शिरलेल्या सरकारी पथकाला त्यांनी ठार केले. गावाचे नाव त्याच पथकाच्या प्रमुखाचे आहे, हा इतिहासाचा विचित्र विनोद. त्यांच्यातलेच मारियो जुरुना सत्ताधाऱ्यांची आश्वासने टिपायला खांद्यावर टेपरेकॉर्डर घेऊन सरकारी कचेऱ्यांत फिरत, आणि 1982 मध्ये ते ब्राझीलच्या संसदेवर निवडून आलेले पहिले आदिवासी खासदार ठरले. ध्वनिमुद्रण म्हणजे काय आणि ते कुणाच्या हाती असावे, हे या समाजाला सेपुल्तुराने येऊन शिकवण्याची गरज नव्हती. शिवाय शावांतेंच्या परंपरेत तरुणाला गाणे स्वप्नात मिळते. तो ते सोबत्यांना शिकवतो, आणि सगळ्यांनी फेर धरून गायल्यावर ते समूहाचे होते. गाणे वाटल्याने संपत नाही, ही समज त्यांच्याकडे होती. वाटून झाल्यावर पैसा कुठे साठतो हा प्रश्न मात्र तेवढ्याने सुटत नाही, आणि तो सुटला असे मी म्हणणार नाही.

माझी स्वतःची तक्रार तिसरीच आहे, आणि ती शीर्षकाबद्दल आहे. बेरिंबाऊ गुलाम करून आणलेल्या आफ्रिकनांच्या वंशजांचा, ‘इत्सारी’ शावांतेंचे, आणि मुद्रिका या दोघांनाही एकाच ‘मुळां’त गोवते. बेलो ओरिझोंतेतल्या तरुणांची यांतली नेमकी मुळे कोणती? त्यांच्या कानांत बालपणापासून ब्लॅक सॅबथ या हेवी मेटल बँडचे संगीत वाजत होते, तेही मूळच नव्हे काय? या प्रश्नाला मुद्रिका शब्दांत उत्तर देत नाही. ‘इत्सारी’त गायक मॅक्सची ओळखीची गर्जना थांबते आणि गाणे शावांते गातात, एवढेच त्यावर तिच्याकडे आहे.