ज्यूसरची जाळी

माझं माहेर साताऱ्याचं आणि सासर सांगलीचं. एकीकडे महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी आणि सातारी आलं, दुसरीकडे तासगावची द्राक्षं आणि आटपाडी-जतची डाळिंबं. तरीही, श्रोतेहो, आमचा ज्यूसर वर्षातले दहा महिने माळ्यावर खोक्यातच असायचा. तो बिघडला ती वेळ मात्र वाईट होती. सासऱ्यांच्या जबड्याचं ऑपरेशन झालं होतं. तोंड उघडत नव्हतं, पातळ तेवढंच पोटात जात होतं. तिसऱ्या दिवशी गाजरं घालताना यंत्र थडथडलं, जळका वास आला आणि सगळं थांबलं.

दुरुस्तीवाल्यानं झाकण काढलं आणि म्हणाला, "वहिनी, मोटार थोडक्यात वाचली. ही जाळी बघा." निम्मी जाळी वाळलेल्या चोथ्यानं लिंपली गेली होती. चूक माझीच. मागच्या वेळी नुसती विसळून ठेवली होती.

ज्यूसर म्हणजे काय, तर गरगर फिरणारी खवणी आणि तिच्याभोवती गाळणी. मिनिटाला हजारो फेरे होतात. फळ किसलं जातं, रस जाळीतून बाहेर पडतो, चोथा बाजूला फेकला जातो. एका बाजूची भोकं बुजली की वजन असमान होतं. वॉशिंग मशीनमध्ये जाड चादर एकाच बाजूला गोळा झाली की ते कसं हादरतं, तसंच. मग मोटारीवर ताण येतो.

म्हणून रसाचा पेला ओठाला लावण्याआधी जाळी पाण्यात टाकायची. अर्धा तास गेला की तोच चोथा सिमेंटसारखा बसतो. जुना टूथब्रश घ्या आणि नळाखाली बाहेरून आत घासा, म्हणजे चोथा आला त्याच वाटेनं परत जातो. सुरी किंवा तारेची घासणी नको. बोअरच्या जड पाण्यानं पांढरा थर धरला असेल, तर पाण्यात थोडं व्हिनेगर घालून जाळी अर्धा तास बुडवा. गाजराचा केशरी डाग प्लास्टिकवर बसला, तर आधी खाण्याच्या तेलाचा बोळा फिरवा, मग साबण. मोटारीचा भाग नळाखाली कधीच धरायचा नाही. पिन काढून ओल्या फडक्यानं पुसायचा.

चालवताना यंत्र आधी सुरू करावं, मग फळ टाकावं. सोबत आलेल्या दांड्यानंच हलकं दाबावं, चमच्यानं किंवा बोटानं नाही. सलग किती मिनिटं चालवायचं ते माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं, आणि ते कुणी वाचत नाही! बऱ्याच यंत्रांना तळाशी एक छोटं बटण असतं. मोटार तापून बंद पडली, तर स्विच बंद करून ती पूर्ण गार होऊ द्यावी आणि मग ते दाबावं.

आता आपल्याकडचा माल. आल्याचे धागे लांब असतात, ते गुंडाळले जातात. आडव्या पातळ चकत्या कराव्यात. डाळिंबाच्या बिया किसल्या गेल्या की रस तुरट होतो, त्यापेक्षा दाणे मिक्सरमध्ये एकदाच फिरवून गाळून घ्यावेत. स्ट्रॉबेरीचा तर नुसता फेस होतो, तिलाही मिक्सरच बरा. आवळ्याची बी काढायला विसरू नका. आणि ऊस रसवंतीवरच प्यावा.

एका गोष्टीत मात्र हयगय नको. त्या दिवसांत शेजारच्या काकूंनी प्रेमानं दुधी आणून दिला, "रस द्या, ताकद येते." मी त्याची फोड चाखली, तर कडूजहर. दुधीत कडवटपणा येतो तो कुकर्बिटासिन या विषारी द्रव्यामुळे. कडू दुधीच्या रसानं देशात माणसं दगावली, तेव्हा भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं तज्ज्ञांची समिती नेमली होती. कडू लागलेला रस पिऊ नये, दुसऱ्या रसात मिसळूनही घेऊ नये, आणि पिऊन उलट्या किंवा पोटात दुखू लागलं तर ताबडतोब दवाखाना गाठावा, असं समितीनं बजावलं. औषध कडूच असतं या समजुतीनं डोळे मिटून पिणारी माणसं आपल्या घरोघर आहेत. प्रत्येक दुधीची फोड आधी चाखा आणि लगेच थुंका. मी तो दुधी काकूंच्या नकळत टाकून दिला.

मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र रस डॉक्टरांना विचारूनच घ्यावा. रसातली साखर रक्तात लवकर चढते.

सासरे बरे व्हायला दीड महिना लागला. त्यांनी पहिलं घट्ट असं खाल्लं, ते गाजराच्या चोथ्याचं मऊ थालीपीठ, ताकात कुस्करून.