स्लाइड कुणाच्या लयीत?



डिसेंबर आला की चेन्नईत मार्गळी महिन्याचा संगीत महोत्सव सुरू होतो. संध्याकाळच्या मैफलींचा बोलबाला मोठा. पण म्युझिक अकादमीत सकाळी होणारी सप्रयोग व्याख्यानंही तितकीच मोलाची. १९२७च्या मद्रास काँग्रेस अधिवेशनाच्या वेळी भरलेल्या संगीत परिषदेतून १९२८ साली ही अकादमी उभी राहिली. इथं विद्वान बोलता बोलता गाऊन दाखवतात, आणि आता अनेकांच्या पाठीमागे पडद्यावर स्लाइडही असतात.

बोलणं, गाणं आणि चित्र यांचा मेळ घालणं अवघड असतं. स्लाइड वेळेआधी आली की श्रोते ती वाचू लागतात आणि वक्त्याचं बोलणं कानांवरून जातं. मागे राहिली, की वक्ता कशाबद्दल बोलतोय तेच कळत नाही. म्हणून स्लाइड कधी बदलायची, हा निर्णय वक्त्याचाच असायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

याचा उत्तम धडा इथल्या हरिकथेत आहे. तंजावरच्या मराठी राजवटीत आपलं कीर्तन तमिळ मुलखात रुजलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावर कृष्ण भागवतरांनी त्यातून हरिकथेला नवं रूप दिलं. साकी, दिंडी, ओवी, अभंग या आपल्या रचना तिच्यात नांदू लागल्या. आख्यान कुठं थांबवायचं, पद कधी घ्यायचं, हे हरिकथा सांगणारे भागवतर समोरच्या माणसांचे चेहरे पाहून ठरवतात. साथीदार त्यांच्या मागोमाग जातात. स्लाइडनंही अशीच साथ करावी.

याच्या उलट पद्धतही आहे. २००३ साली टोकियोत ‘पेचाकुचा’ सुरू झालं. वीस स्लाइड, प्रत्येकीला वीस सेकंद. त्या आपोआप सरकतात आणि ६ मिनिटं ४० सेकंदांत भाषण संपतं. नेमकं बोलायची सवय लावायला हे फार चांगलं. पण मध्येच कुणी प्रश्न विचारला, किंवा आलाप रंगला, तर घड्याळ थांबत नाही.

म्हणून काही गोष्टी सांभाळाव्यात. पॉवरपॉइंटमध्ये सरावाच्या वेळी नोंदवलेली टायमिंग्ज जपून ठेवली असतील, तर प्रत्यक्ष भाषणात स्लाइड आपोआप पुढं जातात. ती सोय आधीच बंद करावी. रिमोट स्वतःच्या हाती ठेवावा. कळा दाबणारं दुसरं कुणी असेल, तर त्यांना खुणा केलेली संहिता द्यावी आणि एकदा सोबत सराव करावा. म्हणजे दर वेळी ‘नेक्स्ट’ म्हणावं लागत नाही. नवी स्लाइड आली की क्षणभर गप्प राहावं, लोकांना पाहू द्यावं, मग बोलावं. गायचं असेल किंवा प्रश्नाला उत्तर द्यायचं असेल, तेव्हा कीबोर्डवरची ‘बी’ ही कळ दाबावी. पडदा काळा होतो आणि सगळं लक्ष माणसाकडे येतं. मागची स्लाइड हवी असेल, तर तिचा क्रमांक टाइप करून एंटर दाबलं की ती थेट समोर येते. त्यासाठी क्रमांकांची यादी कागदावर जवळ असावी.

हे सारं करायचं ते श्रोत्यांच्या मानासाठी. वेळ काढून ऐकायला आलेल्या माणसाला समजायला जेवढा अवधी लागतो, तेवढा त्याला मिळालाच पाहिजे.