हरवलेली संस्कृति: कथेंतली आणि सड्यावरची

जयंत नारळीकर यांच्या ‘वामन परत न आला’ या विज्ञानकादंबरींत खोदकाम चालू असतां एका लुप्त, अतिप्रगत संस्कृतीचा ठेवा हातीं लागतो. अशा कथांतील हरवलेलीं माणसें बहुधा आपल्याहून शहाणीं आणि यंत्रविद्येंत निपुण असतात.

पनवेलहून गोव्याचा रस्ता धरून रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर गेलें, म्हणजे खरोखरच हरवलेल्या लोकांची गांठ पडते. त्यांचें यंत्र नाहीं, घर नाहीं, लिपीहि नाहीं. आहेत तीं केवळ जांभ्या कातळांत पायांखालीं कोरलेलीं चित्रें. कशेळीचा हत्ती सुमारें १८ मीटर लांब असून त्याच्या आकृतींत इतर अनेक प्राणी कोरलेले आहेत. उभ्यानें तो नजरेंत मावत नाहीं. आणि येथेंच ‘हें परग्रहवासीयांचें काम’ म्हणणाऱ्यांचें फावतें. मला हा तर्क अन्यायाचा वाटतो. एवढें चित्र आखावयास दोरी, खुंटी व चार सोबती पुरेत! चित्रांत गेंडा आहे, जो आज कोंकणांत नाहीं; शेतीची मात्र खूण नाहीं. म्हणून कित्येक अभ्यासक हे लोक शेतीपूर्व काळांतील शिकारी मानतात.

२०२२ मध्यें अशीं नऊ स्थळें, आठ कोंकणांतलीं व एक गोव्यांतलें, युनेस्कोच्या संभाव्य वारशाच्या यादींत आलीं. तथापि चिऱ्यांसाठीं सडा फोडला जातो, तेव्हां त्याबरोबर चित्रहि जातें. उक्षीच्या हत्तीभोंवतीं आतां भिंत आहे. आडरानांतल्या कित्येक चित्रांभोंवतीं कांहींच नाहीं.