मंत्रालाही मर्यादा हवी



जादूगाराला सगळंच जमत असेल, तर त्याची काळजी वाटण्याचं कारणच उरत नाही. म्हणून सुपरहिरो कॉमिक्समधल्या जादूगाराला काय जमतं यापेक्षा काय जमत नाही, हे मी आधी शोधते.

डीसी कॉमिक्सची झटाना घ्या. गार्डनर फॉक्स आणि चित्रकार मर्फी अँडरसन यांनी 1964 साली तिला आणलं. तिचा मंत्र म्हणजे साधंच वाक्य, पण उलटं उच्चारलेलं. ही रीत तिच्या वडिलांची, झटाराची. सुपरमॅन 1938 साली ज्या अंकात प्रथम आला, त्याच अंकात झटाराही होता. आता झटानाला हरवायचं कसं? तोंड बांधायचं! एवढी सामर्थ्यवान स्त्री, पण बोळा कोंबला की हतबल. मला हा नियम फार आवडतो, कारण तो पानावर दिसतो. फुग्यातली उलटी अक्षरं आपणच सुलटी लावतो आणि त्या क्षणी मंत्रात सामील होतो.

मार्व्हलच्या डॉक्टर स्ट्रेंजची जात वेगळी. स्टीव्ह डिट्को आणि स्टॅन ली यांचा हा नायक 1963 चा. त्याची विद्या गुरूकडून शिकलेली. सूक्ष्मदेहानं तो भिंतींपलीकडे जातो, पण मागे राहिलेला देह असुरक्षित असतो. धोका तिथे आहे.

नियम सैल झाला की काय होतं? मार्व्हलचीच स्कार्लेट विच सुरुवातीला शत्रूवर अरिष्ट आणायची, तेवढंच. 2005 च्या ‘हाऊस ऑफ एम’मध्ये तिच्या एका वाक्यानं जगातल्या बहुतेक म्युटंटांच्या, म्हणजे जन्मजात शक्ती लाभलेल्यांच्या, शक्ती गेल्या. तिचं दुःख खरं वाटतं, पण मग तिला अशक्य ते काय, हे कळेनासं होतं.

याउलट डीसीचा जादूगार जॉन कॉन्स्टंटाइन. 1991 साली गार्थ एनिसनं ‘हेलब्लेझर’मध्ये त्याला फुप्फुसाचा कॅन्सर दिला. बरं करणारा मंत्र त्याच्याकडे नव्हता. मग त्यानं एकच आत्मा नरकाच्या वेगवेगळ्या अधिपतींना विकला. तो मेला असता, तर त्या आत्म्यासाठी त्यांना आपसात युद्ध करावं लागलं असतं. करार मोडता येत नाही, हा नियम त्यांनाही लागू होता. शेवटी त्यांनीच, दातओठ खात, त्याचा कॅन्सर बरा केला.